अजून कडू

तक्ता मी भिंतीला डकवला
जखमेवर लावायच्या चिकटपट्टीनं, कारण खिळे संपले होते.
शंभर ग्रॅम बटाटा : प्रथिनं दोन ग्रॅम.
शंभर ग्रॅम तारवी : चाळीस, वर दोन-तीन.
चाळिसाभोवती लाल वर्तुळ काढलं
आणि वायापाताच्या आरोग्यकेंद्रात बाकांवर बसलेल्या
अकरा बायांकडे वळून विचारलं,
आता तुम्हीच सांगा, पोराच्या ताटात काय हवं?

कुणी बोललं नाही.
एकीनं विणकामाची सुई बदलली.
मग इलारिया काल्यो उठली,
तक्त्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.
"हा बटाटा ओला की सुका?"
ओला, मी म्हटलं.
"आणि तारवी?"
सुकी.
"म्हणजे नदीतून निथळत आलेल्या माणसाला
तू उन्हात वाळलेल्या माणसाशेजारी तोललंस."

बाया हसल्या.
मीही हसले, जरा उशिरा.

बटाट्यात शंभरातलं ऐंशी पाणीच, मला ठाऊक होतं.
ते पिळून काढलं तरी तारवी चौपट भरते, हेही ठाऊक होतं,
ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर
तिनं पाठीवरच्या कापडाची गाठ सोडली
आणि टेबलावर ठेवले चार चुन्यो :
काळपट, खड्यासारखे, पण हलके,
जूनच्या रात्री माळावर गोठवलेले,
सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढलेले बटाटे.
"हा घे सुका. तोल आता."

बाळांच्या तराजूत मी ते तोललेही.
मग खरं होतं ते सांगितलं :
बाई, पायाखालून नुसतं पाणी नाही जात.
त्याबरोबर प्रथिनं जातात, क जीवनसत्त्वही जातं.
उरतं ते पोट भरणारं, वर्षानुवर्षं टिकणारं,
दुष्काळात तुम्हाला जगवलेलं,
पण विल्बेरच्या रक्तात जे कमी आहे, ते नव्हे.

विल्बेर तिचा नातू.
टोचलेलं बोट तोंडात घालून दारात उभा.
ती गप्प झाली.
जिंकल्यासारखं वाटलं मला, आणि त्याचीच लाज वाटली.

घाईघाईनं म्हटलं, बटाटा टाकायचा नाही हं,
ताजा असेल तर तो
तारवीतल्या लोहाला हात धरून रक्तापर्यंत नेतो.
दोन्ही एकाच ताटात हवीत.
हे तक्त्यावर कुठेच नव्हतं.
छापणाऱ्यानं दोघांच्या मध्ये रेघ मारलेली.

"संध्याकाळी ओढ्यावर ये," ती म्हणाली.

पोतं दगडाला बांधलेलं, प्रवाहात अर्धं बुडालेलं.
भिजवून, उकळून झालेली तारवी,
चौथा दिवस पाण्यात.
"दिवसातून दोनदा उलटवायची.
रात्री उठून बघायची, पोतं सुटलं का.
खालच्या अंगाला मेंढ्यांना पिऊ द्यायचं नाही,
सगळं कडू विष तिकडेच वाहतंय.
बटाट्याला काय लागतं? एक चूल.
पोर दुसऱ्यांदा रडायच्या आत शिजतो.
तुझे ते चाळीस ग्रॅम,
कुणाच्या हातांतले, तेही लिही की."

मी बाह्या वर केल्या, पोत्याचं एक टोक धरलं.
वीस आकडे मोजेपर्यंत बोटं माझी होती,
पुढं कुणाची होती, सांगता येत नाही.

पावट्याएवढा एक दाणा तिनं चिमटीत धरून
सालीतून सुळकन बाहेर काढला, माझ्या जिभेवर ठेवला.
एक दाणा तिनंही चावला,
डोंगराकडे बघत, हिशेब लावत असल्यासारखा.
मी थुंकले. ती नाही थुंकली.
"अजून कडू," ती म्हणाली. "दोन दिवस."

आणि परत निघताना घागऱ्याच्या खिशातून
दुपारचा उकडलेला बटाटा काढून,
अजून ऊन असलेला,
माझ्या बधिर मुठीत कोंबला.
"खाऊ नकोस लगेच,
आधी नुसता धर."